मांडा ४० रुपयांना महाग वाटतो ना? मग घरी करा

तापीकाठची:
परवा एका भाऊंची लांबलचक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. थोडक्यात अशी: साखरपुड्याला खापरावरचे (उपड्या मातीच्या भांड्यावर भाजायचे) मांडे करायला बाई बोलावली, तिने मांड्याला ४० रुपये सांगितले, "सगळ्याचा धंदा झाला, आजीच्या हातची माया गेली, आजकालच्या सुनांना खापर उपडं ठेवायचं की सुलटं हेही माहीत नाही." खाली बदामाच्या इमोजीच इमोजी. दोन दिवस गप्प बसले, आता नाही बसवत.

माझी मोठी जाऊ मांडे करायला जाते. आधी गहू ओलवायचे, सुकवायचे, दळायचे, पीठ कापडातून गाळायचं. कणीक आपटून आपटून अशी करायची की ओढली तरी तुटत नाही. मग ऐन वैशाखात, जळगावच्या ४४ डिग्रीत, पत्र्याखाली चुलीपुढे बसून पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत ताणायचा आणि खापरावर सोडायचा. सोडताना मनगट टेकतंच. तिच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूने चार काळ्या रेघा आहेत, बांगड्यांच्या खाली. एक अजून ओली आहे.

त्या साखरपुड्याला जाऊ आणि तिची जोडीदारीण, दोघींनी १२० मांडे केले. म्हणजे ४८०० रुपये. डाळ, गूळ, गहू, लाकडं, रिक्षा सगळं त्यांचं, ते २२०० गेले. उरलेले दोघींत १३००-१३००, तेही तयारी धरून तीन दिवसांच्या कामाचे. त्याच कार्यक्रमात डीजे होता. डीजेवाल्याला कोणी माया विचारली नाही.

तात्या_धुळेकर:
आसं नै ताई. भाऊ मायेबद्दल बोलला, तुम्ही हिशोबाची वही काढली. आमच्या आईने जन्मभर मांडे केले, कानबाई देवीचे रोट केले, एक रुपया मागितला नाही. आनंदाने करायची.

तापीकाठची:
तात्या, आईला कधी विचारलं होतं का, आनंद होतोय म्हणून?

तात्या_धुळेकर:
आईवर जायचं काम नाही.

शिरपूरवाला:
एक शंका. खापर गॅसवर चालतं का? फ्लॅटमध्ये चूल नाही.

नवापूरची_नात:
चालतं, पण नवं असेल तर तडकतं, आच हळूहळू वाढवा.
आणि तात्या, तुमच्या भरीत पार्ट्यांचं बघा. कपाशीच्या काड्यांवर चार वांगी भाजली की पुरुषांचे फोटो. कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांद्याची पात चिरणं, हे कोणाच्या घरून येतं? २०१६ ला जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. वांग्याला मान, भाकरीवालीला परात घासायला.

पऱ्हाटीवाला:
बाईच्या मजुरीवर सगळे बोलतात, शेतकऱ्याच्या खिशावर कोणी बोलत नाही. कापूस वेचणीला किलोमागे १२ रुपये द्या, वर गाडी करून आणा आणि नेऊन सोडा, तरी मध्येच दुसऱ्याच्या वावरात जातात. २०१७ ला बोंडअळीने माझी साडेचार एकर खाल्ली, उभ्या कपाशीत रोटाव्हेटर घातला, पण बायांची मजुरी नाही बुडवली. आणि वेचणी किलोवर असते. जो जास्त वेचेल त्याला जास्त. भेद कुठे आहे?

तापीकाठची:
वेचणीत भेद कसा दिसेल भाऊ, वेचणीला गडी येतोच कुठे? निंदणीचं बोला. बाईचा रोज किती आणि गड्याचा किती?

पऱ्हाटीवाला:
३०० आणि ५००. पण गडी पाठीवर पंप घेऊन फवारणी करतो.

नवापूरची_नात:
पंप रोज असतो का? नसेल त्या दिवशी ३०० देता का त्याला? समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे. रोजगार हमीच्या कामावर बाई-माणसाला एकच दर असतो, मग तुमचा बांध ओलांडला की दर कसा बदलतो?

पऱ्हाटीवाला:
बांधावर कायदा वाचायला वेळ असलेले लोक वेगळे असतात.

यावलची_लेक:
मी सहसा लिहीत नाही, पण दराची गोष्ट निघाली म्हणून. वादळात आमच्या माहेरची केळी आडवी झाली, घड कापणीला आले होते. पंचनामा झाला, ३३ टक्क्यांच्या वर नुकसान, यादीत नाव आलं, पैसे भावाच्या खात्यात. त्या बागेत दोन वर्षं खत टाकणारी, केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं कापणारी माझी वहिनी यादीत नाही, कारण उताऱ्यावर ती नाही. ज्या चार बाया रोजाने यायच्या त्या तर नाहीतच. बाग झोपली की त्यांचे दोन महिन्यांचे रोज गेले, त्याचा पंचनामा करायला कोणता तलाठी जातो?

आणि उतारा एकट्या भावाच्या नावे कसा झाला तेही सांगते. माझं लग्न १९९८ चं. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा १९९४ पासून आहे. वडील गेले, पहिल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अगत्याने बोलावणं आलं. मांडे, आमरस, रशी, कुरडया, नवी साडी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसवून निबंधकाच्या ऑफिसात नेलं, हक्कसोडावर सही. आदल्या दिवशीचे मांडे पचलेही नव्हते.

तात्या_धुळेकर:
झालं, मांड्यावरून वाटणीवर आले. ताई, हिस्सा मागितला की माहेर तुटतं. माझ्या तिन्ही बहिणींनी हसत सही केली. बाळंतपणं आम्ही केली, मामेरं आम्ही केलं, लग्नात सोनं घातलं तो हिस्साच की.

यावलची_लेक:
सोनं सासऱ्यांनी घर बांधताना मोडलं. मला विचारलंही नाही. घर कोणाच्या नावावर आहे तेही सांगू का?

भुसावळ_जंक्शन:
मी उलटं केलं होतं. २०११ ला बहिणीला दीड एकर दिली, आपणहून. गावाने वेड्यात काढलं. वर्षाच्या आत मेव्हण्याने विकून टाकली, आता तिथे प्लॉट पडलेत. बहीण आजही भाड्याच्या खोलीत. सांगा, काय उपयोग झाला?

पऱ्हाटीवाला:
हेच मी म्हणतो!

नवापूरची_नात:
तुम्ही काहीच म्हटलं नव्हतं, तुम्ही पंपावर होता.
जंक्शन भाऊ, तुमचं दुःख खरं आहे. पण मेव्हण्याने विकली म्हणजे सही तिचीच घेतली ना? माहेरी एकाने सही घेतली, सासरी दुसऱ्याने. आणि भावाने जमीन विकली की "अडचण होती", बहिणीच्या वाटची विकली गेली की "काय उपयोग झाला".

भुसावळ_जंक्शन:
बोलायला सोपं आहे. तिला मी महिन्याला दोन हजार पाठवतो, ते तुम्ही नाही पाठवत.

नवापूरची_नात:
नाही पाठवत. हे मान्य.

यावलची_लेक:
माझ्या धाकट्या बहिणीने सही केली नाही. आठ वर्षं झाली, तिला राखीला बोलावत नाहीत. मला बोलावतात. कोणाचं बरं चाललंय ते मलाही कळत नाही कधी कधी.

शिरपूरवाला:
विषय गंभीर आहे, माफ करा, पण खापर तडकलं.

तात्या_धुळेकर:
आता मलाच बोलावं लागणार. मी शेतकरी संघटनेत होतो. १९८६ ला चांदवडला बायांचं अधिवेशन झालं, तिथे ट्रॅक्टर भरून गेलो होतो. पुढे संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, गावोगाव नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. मीपण केली, पाऊण एकर. टाळ्या पडल्या. खरं सांगतो, खडकाळ तुकडा होता, बांधाकडचा.

मागच्या खेपेला अतिवृष्टीचं अनुदान त्या तुकड्याचं तिच्या खात्यात आलं. बँकेत ती आत गेली, मी बाहेर मोटारसायकलवर अर्धा तास. बाहेर आली तर किती आले ते सांगेना. घरी आल्यावर सांगते म्हणाली. अजून सांगितलं नाही. तुम्हाला हसायचं असेल तर हसा.

तापीकाठची:
हसत नाही तात्या. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

पऱ्हाटीवाला:
सगळे थोर झाले. मी बाईला ४०० केले तर उद्या अख्खं गाव माझ्या दारात येईल, भाव फोडला म्हणून. सगळे करतील तेव्हा मीही करीन. फवारणी नसेल त्या दिवशीचं मात्र तुमचं बरोबर आहे, गडी त्या दिवशी बांधावर विडीच ओढतो.

तात्या_धुळेकर:
बरं ताई, अखाजीला लेकी येणार आहेत. ५० मांडे लागतील. जाऊबाईंना विचारा, सामान आमचं धरलं तर २० मध्ये जमेल का?

तापीकाठची:
विचारलं. सामान तुमचं असेल तर २५. चुलीवर सावली पाहिजे, पत्रा नको. पैसे त्याच दिवशी. आणि लेकींना दुसऱ्या दिवशी कुठे गाडीत न्यायचं नाही.

तात्या_धुळेकर:
२२ करा.