आधी घर की आधी औषधं?

थोरली: माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. दवाखान्यातून आला की काही महिने बरे जातात. मग गोळ्या सुटतात, घरमालकाशी वाजतं, खोली जाते. आता एक संस्था स्वतंत्र खोली द्यायला तयार आहे, पण आधी सहा महिने औषधं नियमित घेऊन दाखव म्हणते. "राहायलाच जागा नाही, तर गोळ्या ठेवू कुठे?" असं तो विचारतो. मला त्याचंच पटतंय. मी भाबडेपणा करतेय का?

फिरती नर्स: अजिबात नाही, ताई. 'हाउसिंग फर्स्ट', म्हणजे 'आधी घर', ही पद्धत १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी सुरू केली, तीच मुळी या अटीला फाटा देऊन. किल्ली आधी. भाडेकरार वेगळा, उपचार वेगळे. गोळ्या बंद केल्या म्हणून घर जात नाही आणि घर गेलं तरी घरी येऊन मदत करणारी टीम साथ सोडत नाही. टीमची घरी भेट मात्र होऊ द्यावी लागते. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत सुमारे २,००० लोकांना घेऊन याची चाचणी झाली. या पद्धतीत आलेले लोक घरात कितीतरी जास्त टिकले. लक्षणांत मात्र नेहमीच्या सेवा घेणाऱ्यांच्या तुलनेत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे घर मिळालं की कानातले आवाज थांबतील, अशी आशा धरू नका. रोजच्या गोळ्या जमत नसतील तर महिन्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

एक बाप: ताई, खरा घोळ किल्ली मिळाल्यावर सुरू होतो. आमच्या मुलाच्या दारामागे न फोडलेल्या बिलांचा गठ्ठा पडलेला असायचा. गोळ्या चालू होत्या हो, बिलाचं पाकीट उघडायचीच धास्ती! टीममधला एक मुलगा, जो स्वतः या आजारातून गेलाय, तो शेजारी बसून एकेक पाकीट फोडायला लावायचा. डॉक्टरांच्या हातून हे झालं नसतं. शिवाय रात्री आरडाओरडा झाला तर घरमालकाने पोलिसांआधी टीमला फोन करायचा, हे राहायला जाण्याआधीच ठरवून घ्या. आमच्याकडे निम्मी भांडणं तिथेच मिटली.

थोरली: करार कोणाच्या नावावर करू? संस्था माझं नाव मागतेय.

फिरती नर्स: त्याच्याच नावावर करा, तुम्ही फार तर जामीन राहा. आणि मध्येच त्याला भरती करावं लागलं तर खोली किती दिवस राखून ठेवणार, तेवढा आकडा करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.