मँडरिन मासा माझ्या टँकमध्ये टिकेल का?

खारं_पाणी
मंडळी, १२० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा) आहे, सुरू करून चारेक महिने झाले, पाण्याचे रीडिंग सगळे नीट येतायत, आत क्लाउनफिशची जोडी आणि एक सिक्स-लाइन रॅस (छोटा पट्टेवाला मासा) आहे. परवा दुकानात मँडरिन बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, निळ्यावर ती केशरी नक्षी, आणि तळाशी पंखांवर सरकत सरकत काय चालतो! दुकानदार म्हणाला फ्रोझन, म्हणजे गोठवलेलं खाणं खातो, टेन्शन घेऊ नका. सहा-सात सेंटीमीटरचा तर मासा, चालेल ना?

प्रवाळवेडा
आत्ता नको घेऊस, अगदी मनापासून सांगतो. या माशाला पाण्याचा त्रास होत नाही, तो उपाशी मरतो, आणि तेही आपल्या डोळ्यांसमोर हळूहळू, काही आठवड्यांत. तोंड बघ केवढंसं आहे. समुद्रात तो दिवसभर दगडांवरून, कोरलच्या तुकड्यांमधून कोपेपॉड, अँफिपॉड असले बारीक जीव एकेक करून टिपत फिरतो, सतत. आपण दिवसातून दोनदा टाकलेलं खाणं बाकीचे मासे झडप घालून संपवतात, हा बिचारा तिथपर्यंत पोचेपर्यंत काही उरतच नाही. चार महिन्यांच्या टँकमध्ये पॉड, म्हणजे हेच बारीक जीव, असतात पण थोडे, ते हा फस्त करतो आणि मग नवे तयारच होत नाहीत. त्यात तुझा सिक्स-लाइन पण तेच खातो!! निदान वर्षभर जुना टँक, भरपूर लाइव्ह रॉक (बारीक जीव वसलेले समुद्री दगड), आणि २५०-३०० लिटर तरी पाणी असलं तर मी हो म्हणेन.

मीठ_मोजणारी
वरचं सगळं बरोबर. लोकांना हा मासा कणखर वाटतो त्याचं कारण वेगळं आहे, अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी जाड, कडू, घाण वासाचा चिकट थर असतो, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याला इतरांपेक्षा कमी होतो. म्हणून वाटतं की काही होणार नाही याला.

आणि त्या निळ्या रंगाबद्दल सांगायचंच आहे :) बहुतेक निळ्या माशांचा निळा म्हणजे पेशींमधल्या बारीक स्फटिकांवरून परतणारा प्रकाश असतो, याच्या पेशींमध्ये मात्र खरोखरचं निळं रंगद्रव्य आहे, असे प्राणी फार म्हणजे फारच थोडे.

घ्यायचाच असेल तर टँकमध्येच जन्मलेला, म्हणजे कॅप्टिव्ह ब्रेड शोध. त्यांना लहानपणापासून फ्रोझन किंवा पेलेटची (कोरड्या गोळ्यांची) सवय लावलेली असते. समुद्रातून पकडलेल्यांपैकी काही फ्रोझन कधी तोंडातच घेत नाहीत.

खारं_पाणी
बापरे, हे कोणीच सांगितलं नव्हतं. पण मग दुकानातला उपाशी आहे की नाही ते कसं ओळखायचं? आणि पॉड वाढवता येतात का?

प्रवाळवेडा
वरून बघ. डोक्यामागे अंग आत गेलेलं, पोट खपाटीला, पाठीचा कणा उठून दिसतोय, असा मासा आणून सहसा वाचत नाही. दुकानदार फ्रोझन खातो म्हणतोय ना, मग समोर खायला घालून दाखवा म्हण, नुसतं तोंडात घेऊन थुंकला तर ते खाणं नाही.

पॉड वाढवता येतात की. सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) रेफ्युजियम, म्हणजे मासे नसलेला वेगळा कप्पा कर, कीटोमॉर्फा शेवाळाचा गुंता ठेव, त्यात त्यांना लपायला आणि वाढायला जागा मिळते, माशांचा त्रास नाही. विकत मिळणारे बाटलीतले पॉड सोडणार असशील तर रात्री दिवे बंद करून सोड. नंतर अधूनमधून रात्री टॉर्च मारून काचेवर बघत जा, पॉडचे पांढरे ठिपके पळताना सगळीकडे दिसले पाहिजेत.

मीठ_मोजणारी
आणि दोन नर एकत्र कधीच ठेवू नकोस, मरेपर्यंत भांडतात. नराच्या पहिल्या पाठपंखाचा काटा लांब असतो, त्यावरून कळतं. जोडी जमली तर संध्याकाळी प्रकाश कमी झाला की दोघं अंगाला अंग लावून वर चढतात आणि अंडी सोडतात, टँकमध्येसुद्धा.

खारं_पाणी
ठरलं, आधी रेफ्युजियम. सिक्स-लाइनला दुसरं घर शोधावं लागेल असं दिसतंय, काच आणि दगड त्याच्या तावडीतून सुटायला हवेत. दुकानदाराला उद्याच नाही सांगतो.

प्रवाळवेडा
हो, रॅस आधी काढ, मग पॉड सोड. उलटं केलंस तर सगळे त्याच्याच पोटात जातील.