अंगणात समुद्री लुटारूंचा सिनेमा लावायचा हाय, पोट्टे भेतीन का?

बाजेवरचा_भौ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्ह्याकडलं. वखरण उरकली, आता पाण्याची वाट पाहून राह्यलो. पारा ४५ वर. पोट्टे दिवसभर मोबाईलात डोकं घालून. भाचा नागपूरहून प्रोजेक्टर घेऊन आला हाय, तं एक रात्र अंगणात पांढरं धोतर ताणून सिनेमा लावाव म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात बोधपर लावला होता. अर्ध्यातच सारे कुल्फीवाल्यामागं पळाले.

यंदा 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'चा पहिला भाग लावायचा हाय, हिंदीतला. २००४ मधी अमरावतीले खोली करून राहत होतो, तवा भाड्याच्या सीडीवर पाह्यला. जॅक स्पॅरो पहिल्यांदा येते ते अजून डोळ्यापुढं हाय. डोलकाठीवर राजासारखा उभा, अन् खाली पाहावं तं एवढीशी होडी, तीबी बुडून राह्यली! ती पार तळाले जाते, तवा हा बरोबर धक्क्यावर पाय टाकते. असा थाट मी पोळ्याच्या तोरणात बैल उभा करणाऱ्याचाच पाह्यला.

आता अडचण. चांदण्यात त्या लुटारूंचे सापळे दिसतात. सहा-सात वर्षांचे पोट्टे भेतीन का? अन् इथं कोणी समुद्र पाह्यला नाही, अरुणावतीचं धरण हाच आमचा समुद्र. त्याइले गंमत समजन का?

कूलरवाला_वाशीम:
समजते रे भौ, तलवारबाजीले समुद्र कायले पाह्यजे? लहान्याइले आजीजवळ बसव. अमेरिकेतबी १३ वर्षांखालच्यांसाठी मायबापांना सावध करणारा शिक्का होता त्यावर, म्हणजे अगदीच बाळबोध नाही. पण तुझा खरा घोळ वेगळाच हाय. सिनेमात रात्रीचे सीन लय. पौर्णिमेच्या आसपास लावशीन तं धोतरावर नुसतं काळंनिळं दिसन. अमावस्येकडची रात्र धर. १४३ मिनिटांचा हाय, आठले सुरू कर. अन् कूलर बंद ठेव बापा, माझ्या धंद्याची गोष्ट असली तरी सांगतो, त्याच्या घरघरीत एक डायलॉग ऐकू येत नाही. लाईन गेली तं इन्व्हर्टर हाय का?

निवृत्त_मास्तर:
मुलांना सुट्टीत लुटारूंचे कौतुक कशासाठी दाखवायचे? शिवाय नायक सदा झिंगलेला.

अलिबागची_सून:
मास्तर, माहेर अलिबागचं, म्हणून राहवत नाही. इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटलं होतं. आपल्यासाठी ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख! त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारं जहाज ते पकडायचे. १७१८ मध्ये इंग्रज त्यांच्या खांदेरी किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. तिकडे अटलांटिकमध्ये ब्लॅकबिअर्ड नावाचा खराखुरा लुटारू मारला गेला तोही १७१८ मध्येच. तेव्हा कोणाला लुटारू म्हणायचं, हे कोण लिहितंय त्यावर ठरतं. सिनेमाआधी पाच मिनिटं मुलांना हे सांगा.

फक्त 'चाचे' शब्द वापरू नका. मी इथे वर्धेकडे सासरी पुतण्यांना 'समुद्री चाचे' म्हटलं, तर ते विचारतात, कोणाचे चाचा? आणि पहिल्या भागावर थांबा. दुसरा (२००६) ऐन रंगात येऊन सुटतो, मग मुलं तिसऱ्यासाठी प्रोजेक्टर सोडत नाहीत.

बाजेवरचा_भौ:
लावला काल! चाळीसेक माणूस, बाजा, सतरंज्या, टरबुजाच्या फोडी. आंग्र्यांचं सांगितलं, मोठे पोट्टे कान देऊन ऐकत होते. सापळ्याले कोणी भेलं नाही. एक लहानगा तं त्याइच्या बरगड्या मोजत होता. भेला आमचा कुत्रा, तोफेच्या आवाजानं. लाईन दोनदा गेली, इन्व्हर्टरनं निभावलं.

माय ७४ वर्षांची. हिंदी तिले अर्धीमुर्धी समजते. शापाचं सोनं ८८२ नाणी, लुटारूंनी उधळून टाकलेलं, अन् आता तेच एकेक नाणं गोळा करून पेटीत वापस ठेवाले जीव टाकून राह्यले, हे तिले सांगितलं. बराच वेळ गप्प. मंग म्हणते, "चोर होऊन वापस करून राह्यले? मंग आपल्या गोठ्यातला पंप नेला त्याले कोणाचा शाप लागत नाही का रे?"

मास्तर, तुम्हीबी मागच्या खुर्चीत शेवटपर्यंत होते, म्या पाह्यलं.