मदत हवी आहे: दोन महिन्यांचा पगार थकला आहे, ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) प्रसूती लाभ मिळेल का?

माझी धाकटी बहीण एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगचे काम करते. तिची प्रसूती फेब्रुवारीत अपेक्षित असून हे तिचे पहिलेच अपत्य आहे. जूनच्या मध्यात ती कामावर लागली. महिना 14,500 रुपये पगार, म्हणजे योजनेच्या 21,000 रुपयांच्या मर्यादेच्या आत, त्यामुळे पूर्वीच्या नोकरीतला तिचा विमा क्रमांकही लगेच पुन्हा चालू झाला. जून आणि जुलैचा पगार वेळेवर झाला. ऑगस्ट आणि सप्टेंबरचा मात्र नोव्हेंबर उजाडला तरी झालेला नाही. कंपनीकडून बिल निघाले की देतो, हे ठेकेदाराचे ठरलेले उत्तर. ऑक्टोबरचा पगार त्याने वेळेत दिला, हे त्याहून चमत्कारिक.

ईएसआयसीच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे जूनचे 13 आणि जुलैचे 27 असे अंशदानाचे (विमा हप्त्याचे) फक्त 40 दिवस दिसतात. प्रसूती लाभासाठी लगतच्या दोन अंशदान कालावधींत (एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाहींत) मिळून किमान 70 दिवस लागतात. फेब्रुवारीतल्या प्रसूतीसाठी धरला जाणारा शेवटचा कालावधी 30 सप्टेंबरला संपला आणि त्याच्या आधीच्या कालावधीत ती नोकरीतच नव्हती. ऑक्टोबरपासून तिने कितीही दिवस भरले तरी त्यांचा लाभ कालावधी, म्हणजे त्या दिवसांवर लाभ मिळण्याचा काळ, 1 जुलैला सुरू होणार, म्हणजे या बाळंतपणाला ते उपयोगाचे नाहीत. 26 आठवड्यांच्या पूर्ण पगाराइतका लाभ, म्हणजे सुमारे एक लाख रुपये, या दोन थकलेल्या महिन्यांवर अडून राहिला आहे.

ऑगस्टची पगारपावती तिला सप्टेंबरमध्येच दिली होती. तीत हजेरी 26 दिवस, ईएसआय कपात 109 रुपये आणि निव्वळ देय रक्कम असे सगळे व्यवस्थित छापलेले आहे. फक्त ती रक्कम खात्यात आलेली नाही. सप्टेंबरची पावती दिलेलीच नाही. 'पगारच झाला नाही तर अंशदान कशाचे भरायचे?' असे ठेकेदाराचा कारकून विचारतो. शिवाय थकबाकी एकदम दिली तर त्या महिन्याची रक्कम 21,000 च्या वर जाईल आणि ती योजनेतूनच बाहेर पडेल, अशी भीतीही तो घालतो. यात तथ्य किती आणि आम्ही नेमके कोणाकडे जावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद:

कारकुनाच्या दोन्ही बोलण्यांत तथ्य नाही. या योजनेत वेतन म्हणजे दिलेले किंवा देय झालेले वेतन. वेतन कालावधी संपला की अंशदान देय होते आणि ते पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावे लागते. पगार प्रत्यक्ष कधी दिला याच्याशी त्याचा संबंध नाही. 70 दिवसांची अटही अंशदान 'देय' असलेल्या दिवसांची आहे, भरलेल्या दिवसांची नव्हे. त्यामुळे नियमाने पाहता आपल्या बहिणीचे दिवस भरलेले आहेत. अडचण आहे ती नोंदीची. मालकाने अंशदान न भरल्यामुळे लाभ बुडत असेल तर महामंडळाला तो विमाधारकास देऊन मालकाकडून वसूल करता येतो.

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. थकबाकी देताना ठेकेदार ती नोव्हेंबरचे वेतन म्हणून दाखवील, म्हणजे पैसे मिळतील पण ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस शून्यच राहतील. चलान त्या त्या महिन्याचे, हजेरीच्या दिवसांसह भरले गेले पाहिजे. उशिराबद्दल वार्षिक 12 टक्के व्याज पडते, ते त्याने सोसावे. एकट्या ऑगस्टवर समाधान मानू नका: 40 आणि 26 मिळून 66 होतात, चार दिवस कमीच पडतात. सप्टेंबरची हजेरी सिद्ध करणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. पावती नसेल तर हजेरीकार्डाचा फोटो, गेटवरच्या नोंदी, कामाच्या पाळीचे (शिफ्टचे) संदेश, जे असेल ते जमवा.

21,000 ची मर्यादा महिन्याच्या वेतनाला आहे. मागील महिन्यांची थकबाकी त्या त्या महिन्यांतच मोजली जाते. कालावधीच्या मध्येच पगार खरोखर वाढून मर्यादा ओलांडली, तरीही तो कालावधी संपेपर्यंत संरक्षण चालूच राहते.

पहिला लेखी अर्ज कारखान्याच्या व्यवस्थापनाकडे द्यावा, कारण ठेकेदाराच्या कामगारांचे अंशदान भरण्याची प्राथमिक जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे कारखान्याची, असते आणि बहुतेक ठिकाणी ठेकेदार कंपनीच्या एका फोनला जेवढा घाबरतो तेवढा नोटिशीला घाबरत नाही. त्याच अर्जाची प्रत ऑगस्टच्या पावतीसह ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात देऊन पोच घ्यावी. थकलेल्या पगाराची तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात वेगळी करावी लागेल.

प्रश्नकर्ता:

आपले मनापासून आभार. अर्ज उद्याच देतो. तक्रार केली म्हणून तिला आत्ताच कामावरून कमी केले तर लाभ जाईल का?

प्रतिसाद:

जाणार नाही. पात्रता 30 सप्टेंबरपर्यंतच्या दिवसांवर ठरते, आणि ते दिवस नोकरी सुटल्याने पुसले जात नाहीत. लाभ सुरू झाल्यानंतर तर त्या काळात तिला कामावरून काढताच येत नाही. मात्र घाबरवून राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही मागितली, तर ती करू नये.