शिक्षकी सोडावी की टिकून राहावे?

प्रश्न (करवीर तालुका)
मी एका अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत नऊ वर्षांपासून गणित शिकवतो. सुरुवातीची वर्षे विनावेतन गेली. नंतर अनुदानाचे 20, 40 आणि 60 टक्क्यांचे टप्पे आले आणि पगारही त्याच टप्प्यांनी हाती पडत गेला. आता शहरातील एका खासगी क्लासने पूर्णवेळ बोलावले आहे आणि घरच्यांचाही तोच आग्रह आहे. मात्र आठवीत साधा भागाकार न जमणारी मुले दहावी उत्तीर्ण होऊन पेढे घेऊन येतात, तेव्हा पाय निघत नाही. ज्यांनी हा पेशा सोडला आणि ज्यांनी सोडला नाही, त्यांचा निर्णय नेमका कशावरून झाला?

उत्तर (पूर्वी प्राथमिक शिक्षक, शाहूवाडी)
मी सहा हजार रुपये मानधनावर शिक्षण सेवकाची तीन वर्षे काढली. 2023 मध्ये ते मानधन सोळा हजार झाले, पण तोवर माझी ती वर्षे संपली होती. तरीही मी नोकरी सोडली ती कायम झाल्यानंतर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. परंतु पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे, प्रत्येक उपक्रमाची छायाचित्रे पाठवणे ही कामे शाळेचीच मानली जातात. आमच्या द्विशिक्षकी शाळेत एक जण त्यात गुंतला की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडत. पगार पुरत होता, शिकवणे उरले नव्हते.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापिका, राधानगरी)
वरील अनुभव खरा आहे. त्यात एक भर घालते. 1 नोव्हेंबर 2005 नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन लागू नसल्याने, आमच्या पिढीला बांधून ठेवणारा मोठा आधार तुमच्या पिढीकडे नाही. म्हणून ‘सेवाभाव ठेवा’ असे मी तुम्हाला सांगणार नाही. असे सांगून तरुण शिक्षकांवर फार अन्याय झाला आहे. माझ्या शाळेत जे टिकले, त्यांना सोबत होती. ऊस हंगामात तोडणी मजुरांची मुले मध्येच दाखल होत आणि हंगाम संपताच निघून जात. त्यांच्यासाठी आम्ही तिघींनी तास वाटून घेतले होते, कागदपत्रेही वाटून घेतली होती. एकट्यावर सगळे टाकणाऱ्या शाळेतून मात्र चांगली माणसे जाताना मी पाहिली आहेत. क्लासला होकार देण्यापूर्वी तुमचे आठवड्याचे किती तास खरोखर गणितात जातात, ते महिनाभर वहीत लिहून पाहा.

प्रश्नकर्ता
आपले मनःपूर्वक आभार. गेल्या आठवड्याचे आठवून लिहिले, तर वाट्याच्या तीस तासिकांपैकी एकोणीस गणिताला मिळाल्या. ही वही घेऊन सोमवारी मुख्याध्यापकांना भेटतो. क्लासला मार्चनंतर कळवतो, असे आजच सांगितले आहे, कारण दहावीची तुकडी अर्ध्यावर सोडणे मला शक्य नाही.