‘फुकट मिळते म्हणून लसीची किंमत नाही’ या विधानाबद्दल

करवीरकर : काल एका सदस्यांनी इथे लिहिले की, लस फुकट मिळते म्हणून खेड्यातल्या आयांना तिची किंमत नाही. ते वाचून गप्प बसवले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पूर्ण लसीकरण झालेली मुले देशाच्या ग्रामीण भागात ७६.८ टक्के, तर शहरी भागात ७५.५ टक्के आढळली. २०१५-१६ मध्ये एकूण प्रमाण ६२ टक्के होते. मग बेपर्वा कोण?

राजारामपुरी : ते विधान माझे आहे. तुमच्या ‘पूर्ण’मध्ये गोवर-रुबेलाचा एकच डोस धरतात; दुसरा दीड वर्षाच्या सुमारास असतो. गावाकडे माझ्या भावजयीने, आधीच्या लसीनंतर मूल तापले म्हणून, त्याला पुन्हा नेलेच नाही.

शिरोळकर : गेल्या हंगामात आमच्या शिवारात बीडकडची ऊसतोड टोळी उतरली होती. त्यातली सात महिन्यांची गरोदर बाई डोक्यावर मोळ्या वाहत होती. मी तिला तपासणीला नेले, तर तपासण्या-लसींच्या नोंदीचे कार्ड गावी राहिले म्हणून तिला परत पाठवले, आणि मुकादमाने त्या दिवसाचा खाडा मांडला. तिला किंमत नव्हती काय?

राजारामपुरी : विषय लसीचा आहे, ऊसतोडीचा नाही.

शिरोळकर : तिच्या कडेवरच्या मुलाचा डोसही त्याच कार्डावर अडला होता! फडात एकदा येऊन पाहा आणि मग विषय ठरवा.

निवृत्त आरोग्यसेविका : कार्ड नाही म्हणून लस किंवा तपासणी नाकारायची नसते, ती चूक आमच्या खात्याचीच. मात्र करवीरकर, गरोदरपणाचे आकडे तुम्ही गाळलेत. त्याच सर्वेक्षणात चार किंवा अधिक तपासण्या झालेल्या माता शहरात ६८.१ टक्के, तर ग्रामीण भागात ५४.२ टक्केच होत्या. दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी असते, पण रोजंदारीवरच्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कोणी भरून देत नाही.

करवीरकर : हे मान्य करावे लागेल. मी लसींपुरतेच बोलत होतो.

राजारामपुरी : ‘किंमत नाही’ हे शब्द मी मागे घेतो. दुसऱ्या डोसाबद्दलचे म्हणणे मात्र कायम आहे.

निवृत्त आरोग्यसेविका : ते कायम ठेवा, पण ताप येऊ शकतो हे लस टोचतानाच आईला सांगायचे असते, आणि तुमच्या भावजयीला ते कोणी सांगितलेले दिसत नाही. मूल पाच वर्षांच्या आतले असेल, तर राहिलेला डोस अजूनही देता येतो. त्यांना येत्या लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात पाठवा.