'शेव्हालिए' : दडपलेला संगीतकार आणि दडपून मारलेल्या थापा

बिनगजाचा गजानन
परवा इथेच एका सदस्याने 'शेव्हालिए' हा चित्रपट पाहून लिहिलं की, ज्याने भर मैफलीत मोझार्टला पाणी पाजलं त्या काळ्या संगीतकाराला इतिहासाने गाडून टाकलं. खाली वाहवांची रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

ती जुगलबंदी घडलेलीच नाही. मोझार्ट १७७८ मध्ये पॅरिसात होता, बस्स. बरं, चित्रपटाचा नायक जोसेफ बोलोन, म्हणजेच शेव्हालिए द सँ-जॉर्ज, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. म्हणजे 'काळा मोझार्ट' म्हणून आपण थोरल्याला धाकट्याच्या नावाने ओळखतोय.

माझा खरा राग पुढे आहे. १७७६ मध्ये पॅरिस ऑपेराच्या प्रमुखपदासाठी याचं नाव आलं, तेव्हा सोफी आर्नू, रोझाली लव्हासर या गायिका आणि नर्तकी गिमार यांनी राणीकडे अर्ज केला : मुलाट्टोच्या, म्हणजे मिश्रवंशी माणसाच्या, हुकमाखाली आम्ही काम करणार नाही. सरळ वर्णद्वेष, तोही लेखी. चित्रपटात काय? गिमार त्याच्या मागे लागते, हा झिडकारतो, म्हणून ती सूड उगवते! आख्ख्या समाजाचं पाप एका नाकारलेल्या बाईच्या पदरात घालून मोकळे. वर संगीतकार ग्लुकशी स्पर्धाही लावून दिली आहे.

चष्मिष्ट
इनो घ्या. चरित्रपट आहे, पीएचडीचा प्रबंध नाही. दोन तासांत गुलाम आईच्या पोटी ग्वादलूपला (कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत) जन्म, तलवारबाजी, व्हायोलिन, ऑपेरा, क्रांती सगळं बसवायचं तर जोडकाम होणारच. चित्रपट आला नसता तर तुम्ही तरी हा माणूस शोधला असतात का?

बिनगजाचा गजानन
शोधला होता. चित्रपट यायच्या आधी. पण माझं सोडा. जागा नव्हती म्हणून जोडकाम म्हणता, मग खरं होतं ते का टाकलं? हायडनच्या सहा 'पॅरिस' सिंफनी ज्या वाद्यवृंदासाठी लिहून घेतल्या, तो चालवत होता हा माणूस. त्या पहिल्यांदा वाजल्या त्या याच्या हाताखाली. याहून मोठा प्रवेश कोणता लेखक कल्पनेने लिहिणार?

मडगांवकर
विस्मृत व्हायोलिनवादकांवर एवढा गळा काढताय, तर विचारतो : अँथनी गोन्साल्विस कोण, सांगा बघू? गाणं नको, माणूस सांगा.

चष्मिष्ट
आलं. गोवा आलं.

मडगांवकर
येणारच. माजोर्ड्याचा माणूस. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये सेंट झेवियर्सच्या आवारात त्यांनी भारतीय रागांवरच्या रचना सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या, गायला लता आणि मन्ना डे. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं आणि लोकांना आठवतो तो अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ. माझे आजोबा त्याच काळात मुंबईत स्टुडिओत वाजवायचे. संगीतकार चाल गुणगुणायचा, स्वरलेखन आमचे लोक करायचे, हार्मनी आमचे लोक बांधायचे. पडद्यावर नाव कोणाचं? फ्रान्सचं नंतर बघू.

अवली
अहो, पण त्यांना बिदागी मिळत होती ना? गुलामगिरीशी तुलना करताय, जरा भान?

मडगांवकर
गुलामगिरी हा शब्द मी कुठे वापरला ते दाखवा. नावाबद्दल बोलतोय. बिदागी मिळाली की नाव मागायचं नाही, हा तुमच्या ऑफिसातला नियम असेल.

अवली
ऑफिसावर घसरायची गरज नव्हती. माझी मुलगी व्हायोलिन शिकते, परीक्षांच्या खेपा घालतेय. तिच्या क्लासात पाश्चात्त्य संगीताच्या भिंतीवर टांगलेले सगळे चेहरे गोरे. चित्रपट बघून ती म्हणाली, "मला याचं काहीतरी वाजवायचंय." तुमचे कागदपत्र घाला चुलीत, मला तेवढं पुरलं.

मडगांवकर
छान. त्या भिंतीवर गोन्साल्विसही टांगा मग.

सीनकाठची सई
धागा मडगावच्या स्टेशनात उभा दिसतोय, थोडा पॅरिसला आणते. इथे मादलेन चर्चजवळ सँ-जॉर्जच्या नावाची गल्ली आहे. आधी तिला जनरल रिशपांसचं नाव होतं. १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा लादली, तेव्हा ग्वादलूपचं बंड चिरडणारा तो हाच. त्याची पाटी उतरवून याची लावली, तीही या शतकात. माझ्या ऑफिसातले फ्रेंच लोक तिथून जेवायला जातात. विचारलं तर म्हणाले, कोणीतरी संत असेल. त्यामुळे गजाननराव, कागद जपून ठेवणाऱ्यांनीही त्याला फार जिवंत ठेवलं नाही.

मात्र आईच्या बाबतीत चित्रपटाने जे केलंय ते मलाही पटलं नाही. नॅनॉन तो लहान असतानाच पॅरिसला आली होती. तिला इतक्या वर्षांनी, बाप मेल्यावर दारात उभी करायची, म्हणजे पोराला आपली मुळं आठवतात आणि तो केसांच्या वेण्या घालतो. हिशोबी रडगाणं वाटलं.

चष्मिष्ट
मला तिथे रडू आलं. असू दे हिशोबी.

बिनगजाचा गजानन
सईताई, गल्लीची माहिती नवी, आभार. चष्मिष्ट, चित्रपट क्रांतीच्या उंबरठ्यावर संपतो आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. १७९२ मध्ये काळ्या आणि मिश्रवंशी सैनिकांची पलटण याच्या हाताखाली, त्यात कादंबरीकार द्यूमाचा बाप. आणि ज्या क्रांतीसाठी लढला तिनेच पुढच्या वर्षी तुरुंगात टाकलं. हे वगळून आपण बघतो काय, तर लफडं!

चष्मिष्ट
दुसरा भाग काढा ना मग तुम्ही.

अवली
गजानन, एका वाक्यात सांगा. मुलीने बघावा की नाही?

बिनगजाचा गजानन
बघू दे. तिला वाजवायचंय तर चित्रपटाचं एक पुण्य खात्यावर टाकतो, व्याजासकट. फक्त मोझार्टला हरवलं असं शाळेत सांगू देऊ नका. खरी लढत हवीच असेल तर १७८७, लंडन, प्रिन्स ऑफ वेल्ससमोर तलवारबाजी. समोर अठ्ठावन्न वर्षांचा फ्रेंच मुत्सद्दी शेव्हालिए द'एओं, बायकी झग्यात. आणि त्यात आपला नायक हरला. हे दाखवायची छाती कोणा निर्मात्याला झाली नाही.

मडगांवकर
गोन्साल्विसवर वेगळा धागा काढतोय. तिथे कोणी फ्रान्स आणू नये.